परदेशी चित्रपटाला सरकारी पैसा, कारागिराला कच्ची चिठ्ठी

जोगेश्वरी, ओशिवरा, अंधेरी या पट्ट्यात सुतारकाम, जरीकाम, शिवणकाम आणि जुन्या फर्निचरचा धंदा करणाऱ्या आपल्या बांधवांचा परदेशी चित्रपटांशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो रोकड्या पैशाचा आहे. चित्रपट पाहावा की पाहू नये हा ज्याचा त्याचा प्रश्न; येथे आम्ही फक्त धंद्याचे बोलतो.

दोन देशांनी मिळून चित्रपट काढावेत म्हणून भारत सरकारने फ्रान्स, ब्रिटन, इटली, जर्मनी आदी देशांशी करार केले आहेत. २०२४ साली कान महोत्सवात ग्रां प्री मिळवणारा पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट' हा अशाच सहनिर्मितीचा. त्यात फ्रान्सच्या सरकारी चित्रपट निधीचा पैसा होता आणि चित्रीकरण मुंबई व रत्नागिरीकडचे. आपल्या सरकारनेही मे २०२२ मध्ये अशा सहनिर्मितीला भारतात झालेल्या पात्र खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत, कमाल २ कोटी रुपये, परत देण्याचे जाहीर केले. नोव्हेंबर २०२३ मध्ये गोव्याच्या महोत्सवात परदेशी निर्मितीसाठी हे प्रमाण ४० टक्के आणि मर्यादा ३० कोटी करण्याची घोषणा झाली.

आता मेख पाहा. परतावा मिळतो तो हिशेबात दाखवलेल्या खर्चावर. म्हणजे निर्मात्याला पक्के बिल हवे. आमच्या ओळखीच्या एका सुताराने परदेशी मालिकेसाठी हवेलीचा दरवाजा घडवला. नक्षी पाहून साहेब खूश झाला. पण बिल फाडले ठेकेदाराने. सुताराच्या हाती पडली कच्ची चिठ्ठी, आणि पैसे तीन महिन्यांनी, तेही तोडून. जरीच्या अड्ड्यावर बसणाऱ्यांची कथा वेगळी नाही. जनतेच्या पैशातून कलेला मदत होते, पण ज्याच्या हातात कला आहे त्याचे नाव कागदावर येतच नाही.

दोष काही आपलाही आहे. बिल म्हटले की जीएसटीची धास्ती. वास्तविक महाराष्ट्रात मालाची उलाढाल वर्षाला ४० लाखांपर्यंत असेल तर साधारणपणे नोंदणीची सक्ती नाही. सेवेला ही मर्यादा २० लाख, आणि शूटिंगला फर्निचर भाड्याने देणे ही सेवाच. नोंदणी नसली तरी आपल्या नावाचे साधे बिल देता येते. 'उद्यम' नोंदणी आधारवर, फुकट होते. ती असेल तर काम घेणाऱ्याने लेखी करार नसल्यास १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे चुकते करायचे, असा २००६ चा कायदा आहे. उशीर झाला तर व्याज. आपल्यापैकी किती जणांनी ते मागितले?

शासनाकडेही आमचे मागणे आहे. २०२२ च्या योजनेत भारतातील १५ टक्के मनुष्यबळ घेणाऱ्या परदेशी निर्मात्याला ५ टक्के जादा देण्याची तरतूद होती. त्याच धर्तीवर हातकामासाठी जादा परतावा ठेवावा. अट एवढीच की कारागिराचे स्वतःचे बिल हवे, ठेकेदाराचे नव्हे. आणि योजनेचे नियम मराठीत छापून गोरेगावच्या चित्रनगरीच्या गेटावर लावावेत, जिथून सुतार, रंगारी आणि दर्जी रोज आत जातात.