एक कडक माणूस पाहिजे

अंजूरफाट्याला रिक्षा अडकली की पाचव्या मिनिटाला कुणीतरी म्हणतंच, "या देशाला पाच वर्षं हुकूमशहाच पाहिजे." खड्ड्यांवरून, लूमच्या वीजबिलावरून, ऑफिसच्या कँटीनमध्ये मी हे ऐकत आलोय. बोलणारे वाईट नसतात, वैतागलेले असतात. मीही वैतागलेलाच असतो. पण असा कडक आणि हुशार माणूस मिळाला तर काय होतं, हे पाहायला जर्मनीपर्यंत जायला नको. गोव्याने तो भोगला आहे.

सालाझार अर्थशास्त्राचा प्राध्यापक. १९२८ मध्ये पोर्तुगालचा अर्थमंत्री झाला आणि त्याने तुटीचा अर्थसंकल्प शिलकीत आणला. १९३२ मध्ये पंतप्रधान झाला. राहणी साधी, लग्न केलेलं नाही. आपल्याकडे अशा माणसाची आरतीच झाली असती. त्याला फॅसिस्ट म्हणावं का, यावर इतिहासकार अजून भांडतात. पण एकच पक्ष, गुप्त पोलीस आणि सेन्सॉर हे सगळं त्याच्याकडे होतं. आणि त्या शिलकी देशातून साठच्या दशकात लाखो लोक पोटासाठी फ्रान्सला गेले.

गोव्यात तर लग्नपत्रिकाही सेन्सॉरला दाखवावी लागे. १९४६ मध्ये त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हांना आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालच्या किल्ल्यात डांबलं. सांगलीहून गोव्यात जाऊन शिक्षकी करणारे मोहन रानडे १९५५ मध्ये पकडले गेले. ते सुटले १९६९ मध्ये, गोवा मुक्त झाल्यावर सात वर्षांनी.

मी सॉफ्टवेअर लिहितो. एरर दिसू नयेत म्हणून कुणी लॉगच बंद केला, तर स्क्रीन छान शांत दिसते. बिघाड मात्र तिथेच असतो. हुकूमशहाची शिस्त म्हणजे हा बंद केलेला लॉग.

तो बंद असला की वरच्यालाही काही कळत नाही. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरलं, तेव्हा सालाझारचा हुकूम होता : शरणागती नाही, मरेपर्यंत लढा. गव्हर्नर व्हासालो इ सिल्व्हाने तो मोडला, १९ डिसेंबरला शरणागती पत्करली आणि हजारो जीव वाचवले. मायदेशी त्याला सैन्यातून काढून टाकलं. त्याचा हुद्दा परत मिळाला १९७४ नंतर, लष्करातल्याच तरुण अधिकाऱ्यांनी ती राजवट उलथवल्यावर.

सालाझारने ते पाहिलं नाही. १९६८ मध्ये तो अक्षरशः खुर्चीवरून पडला आणि त्याच्या जागी दुसरा पंतप्रधान नेमला गेला. हे त्याला सांगण्याची कुणाचीच हिंमत झाली नाही. मंत्री भेटायला येत, तो सूचना देई, ते माना डोलवत. १९७० मध्ये तो गेला, तो आपण पंतप्रधान आहोत याच समजुतीत. छत्तीस वर्षं त्याने लोकांना खरं बोलू दिलं नव्हतं. शेवटी त्याच्याशीही कुणी खरं बोललं नाही.

अंजूरफाट्याचा खड्डा आहे तिथेच आहे. पण आज रिक्षात बसून त्याबद्दल मोठ्याने शिव्या देता येतात, नगरसेवकाला नाव घेऊन विचारता येतं, पुढच्या निवडणुकीत त्याला घरी बसवता येतं. कडक माणूस आला की यातलं काय राहील, तेवढं पाचव्या मिनिटाला बोलण्याआधी आठवून बघा.