मेल्यावरही विषमता : नुकसानभरपाईचे गणित आणि आपली जबाबदारी

मागच्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतला एक तरुण सफाई कामगार पहाटे कामावर जाताना टेम्पोखाली गेला. वय तीस. मागे बायको, दोन लेकरे आणि म्हातारी आई. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सगळी वस्ती जमली. वंदना झाली, आदरांजलीची भाषणे झाली, वर्गणीचे पाकीट बायकोच्या हातात दिले गेले. आम्ही भरपाईच्या दाव्याचा विषय काढला, तेव्हा त्याची आई म्हणाली, "मढ्याच्या टाळूवरचं लोणी खायचं व्हय रं बाबा?"

तिची समजूत काढून दावा दाखल केला. तिथे विमा कंपनीच्या वकिलाचा पहिला प्रश्न होता, "पगाराचा पुरावा कुठे आहे?" ठेकेदार पैसे रोख द्यायचा. पावती नाही, हजेरीपत्रकाची नक्कल नाही. आठ वर्षे शहराचा कचरा उचललेल्या माणसाकडे आपण कमावते होतो हे सिद्ध करणारा एक कागद नव्हता. दावा अजून चालू आहे.

त्या प्रश्नाने आम्हाला हा लेख लिहायला लावले. अत्याचाराच्या खटल्यांवर आपण बोलतो, आरक्षणावर बोलतो. पण न्यायालय माणसाच्या जिवाची रक्कम कशी ठरवते आणि तिला मर्यादा कशी घालते, यावर आपल्या चळवळीत फारसे बोलले जात नाही. ते बोलले पाहिजे, कारण त्या गणितात जातीचा उल्लेख कुठेही नसतो आणि तरीही जात तिथे हजर असते.

सूत्र काय आहे?

रस्ते अपघातातील मृत्यूच्या भरपाईचे सूत्र सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या दोन निकालांत पक्के केले. त्याआधी एकसारख्या प्रकरणांत न्यायाधिकरणे वेगवेगळ्या रकमा देत असत. ती मनमानी थांबवणे हा या निकालांचा हेतू होता आणि तो रास्त होता, हे आधीच मान्य करतो.

सूत्र असे : मृताचे मासिक उत्पन्न घ्या. त्यात भविष्यातल्या वाढीची टक्केवारी मिळवा. तो स्वतःवर जो खर्च करत असता तो वजा करा. वर्षाची रक्कम काढा आणि वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणा. वय २६ ते ३० असेल तर गुणक १७, ४६ ते ५० असेल तर १३, पासष्टीच्या पुढे ५.

आता दोन माणसे घेऊ. दोघांचे वय तीस, दोघांच्या मागे चार-चार माणसे. समजा, एक ठेक्यावरचा सफाई कामगार आहे, महिना १२,००० रुपये. दुसरा कायम नोकरीतला अधिकारी आहे, महिना ६०,००० रुपये. आयकर सध्या बाजूला ठेवू.

चाळिशीच्या आतल्या कायम नोकरदाराच्या उत्पन्नात ५० टक्के वाढ धरतात. स्वयंरोजगार करणाऱ्याच्या किंवा ठरावीक पगारावरच्या माणसाच्या उत्पन्नात ४० टक्के. म्हणजे कामगाराचे उत्पन्न १६,८०० होते, अधिकाऱ्याचे ९०,०००. अवलंबित चार असल्याने एक चतुर्थांश वजा केले की उरतात १२,६०० आणि ६७,५००. बाराने आणि मग सतराने गुणा. कामगाराच्या घरी येतात २५,७०,४०० रुपये. अधिकाऱ्याच्या घरी १,३७,७०,०००.

जिवंतपणी दोघांच्या पगारात पाच पटींचा फरक होता. मेल्यावर तो पाच पटींहून जास्त झाला, कारण ठेक्यावरच्या माणसाच्या भविष्यालाही सूत्राने कमी टक्के दिले.

शहराची सफाई हे काम काही हंगामी नाही. रोज पहाटे कचरा असतोच. काम कायमचे, माणूस मात्र ठेक्यावरचा. त्याला ठेक्यावर ठेवून आधी पगार वाचवला जातो आणि तो मेला की त्याच ठेक्याच्या आधारे भरपाईही कमी होते. या कामावर कोणत्या जातींची माणसे असतात, हे वाचकांना आम्ही सांगायला नको.

समता कुठे आहे?

या सूत्रात समता अजिबात नाही असे नाही. प्रणय सेठी निकालाने तीन बाबींसाठी सर्वांना सारख्या रकमा ठरवल्या : संपदेच्या हानीबद्दल १५,०००, जोडीदाराच्या सहवासाच्या हानीबद्दल ४०,००० आणि अंत्यविधीसाठी १५,०००. दर तीन वर्षांनी त्यात १० टक्के वाढ. पुढे २०१८ मध्ये सहवासाची रक्कम मुलांना आणि आईवडिलांनाही लागू झाली.

माणूस गेल्याचे दुःख, लेकरांचे पोरकेपण, बायकोचे एकटेपण या बाबतीत सगळे समान मानले गेले, पण तिथली रक्कम हजारांत आहे. लाखांचा आणि कोटींचा फरक जिथे पडतो, तिथे माणूस म्हणजे फक्त त्याचा पगार.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी इशारा दिला होता की राजकारणात आपण प्रत्येक माणसाचे मूल्य एक मानू, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात ते नाकारत राहू. तो विरोधाभास संसदेपुरता किंवा शेतीवाडीपुरता नाही. अपघात दाव्याच्या निकालपत्रातल्या आकडेमोडीतही तो आहे.

बापाच्या नोकरीवरून लेकराचे मूल्य

कमावत्या माणसाचे एक वेळ सोडा. ज्याने अजून एक रुपया कमावलेला नाही त्या मुलाचे काय?

३ मार्च १९८९ रोजी जमशेदपूरला टिस्कोच्या संस्थापक दिनाच्या कार्यक्रमात आग लागली. कर्मचाऱ्यांच्या बायका आणि मुले होरपळून मेली. लता वाधवा खटल्यात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने दहा ते पंधरा वयाच्या मुलांचे घराला होऊ शकणारे वार्षिक योगदान १२,००० वरून २४,००० केले. कारण काय दिले? कंपनीत कर्मचाऱ्याच्या एका अपत्याला नोकरी मिळण्याची परंपरा होती. त्या आईवडिलांना जास्त मिळाले याचे आम्हाला दुःख नाही, त्यांना आणखीही मिळायला हवे होते. याच निकालाने गृहिणीच्या घरकामाचे मोल महिना ३,००० धरले, हेही मोठे पाऊल होते.

पण त्या कारणाचा अर्थ नीट समजून घ्या. बापाच्या नोकरीवरून पोराचे भविष्य मोजले गेले. मग वीटभट्टीवरच्या मजुराच्या पोराचे भविष्य कशावरून मोजायचे? बापाच्या धंद्यावरून पोराचे स्थान ठरवणाऱ्या व्यवस्थेला आपण काय म्हणतो? न्यायालयाच्या मनात जात नव्हती. तरी जे तर्कशास्त्र वापरले ते जातीच्या फार जवळ जाते.

अमेरिकेत या प्रश्नाला थेट हात घातला गेला. २०१५ साली न्यूयॉर्कमधल्या एका खटल्यात, शिशाच्या रंगामुळे विषबाधा झालेला मुलगा हिस्पॅनिक वंशाचा आहे म्हणून तो फार शिकला नसता, असे दाखवून भरपाई कमी करण्याचा प्रयत्न घरमालकाच्या बाजूने झाला. न्यायाधीश जॅक वाइनस्टाइन यांनी वंशावर आधारलेली ती आकडेवारी वापरायला नकार दिला. कॅलिफोर्निया राज्याने २०१९ मध्ये कायदाच केला, की वंश किंवा लिंगाच्या आधारे बुडालेल्या कमाईची भरपाई कमी करता येणार नाही. आपल्याकडे जातीची आकडेवारी कोर्टात मांडावी लागत नाही. पगाराचा कागद तेच काम गुपचूप करतो.

तिकीट आणि जीव

१३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ५९ माणसे मेली. उच्च न्यायालयाने वीस वर्षांवरील मृतांसाठी १८ लाख आणि त्याखालच्यांसाठी १५ लाख ठरवले. त्यामागे एक गृहीतक होते, की बाल्कनीचे तिकीट काढणारा माणूस चांगल्या मिळकतीचाच असणार. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हे मान्य केले नाही आणि रकमा १० लाख व साडेसात लाखांवर आणल्या. चित्रपटगृहाच्या मालकांवरची दंडात्मक भरपाई मात्र अडीच कोटींवरून २५ लाखांवर आली. तिकिटावरून जीव मोजायचा नाही हे बरोबर. पण दोषी श्रीमंताचा बोजा एक दशांशावर यावा, यात कसली समता?

रेल्वेकडे बघा. रेल्वे अपघातात मृत्यू झाला तर १ जानेवारी २०१७ पासून भरपाई ८ लाख आहे. जनरल डब्यात दाराला लटकणारा असो की पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यात झोपलेला, रक्कम तीच. म्हणजे समान रक्कम देणे अशक्य नाही. याच देशात ती दिली जाते.

"नुकसान तेवढी भरपाई" हा आक्षेप

आम्ही हे बोललो की वकील मित्र सांगतात : भरपाई म्हणजे बक्षीस नव्हे, जेवढे बुडाले तेवढे भरून द्यायचे असते. अधिकाऱ्याच्या कुटुंबाचे जास्त बुडाले. त्यांच्या डोक्यावर घराचे कर्ज आहे, मुलांची फी आहे.

हा आक्षेप खोटा नाही. अधिकाऱ्याच्या विधवेचे पैसे कापा, असे आम्ही म्हणत नाही. आपली कितीतरी मुले आज शिकून त्या जागांवर पोहोचली आहेत. आमचा मुद्दा वेगळा आहे. सफाई कामगाराचा १२,००० पगार हे त्याच्या श्रमाचे खरे मोल होते का? पिढ्यान्‌पिढ्या शिक्षण नाकारून, ठराविक कामांना जखडून, त्या कामांचा मोबदला पाडून जो पगार तयार झाला, तोच जर न्यायाचा पाया मानला, तर आधीचा अन्याय पुढच्या अन्यायाचा पुरावा बनतो.

न्यायालयांना हे अगदीच दिसत नाही असेही नाही. सय्यद सादिक प्रकरणात (२०१४) पाय गमावलेल्या भाजीविक्रेत्याकडे उत्पन्नाचा कागद नव्हता. असंघटित कामगाराकडून असा कागद मागता येणार नाही, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने महिना ६,५०० उत्पन्न धरले. २०२१ मध्ये चंद्रा प्रकरणात सांगितले, की कागद नसेल तर किमान वेतनाचा आधार घेता येतो, पण तोच एकमेव आणि अंतिम मापदंड नाही. दारे उघडी आहेत. त्यातून आत जाणारी आपली माणसे कमी आहेत.

गटारातल्या मृत्यूंनी दाखवलेली वाट

२७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटार आणि सेप्टिक टँकमध्ये १९९३ पासून मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला १० लाख देण्याचा आदेश दिला. २०१९ च्या डिसेंबरमध्ये मुंबईत गोवंडीच्या एका सोसायटीचा टँक साफ करताना तिघे मेले. त्यांच्या विधवांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली, तेव्हा २०२१ मध्ये राज्य सरकारला १० लाख देण्याचा आदेश झाला. २० ऑक्टोबर २०२३ रोजी बलराम सिंह प्रकरणात ही रक्कम ३० लाख झाली, कायमच्या अपंगत्वासाठी किमान २० लाख.

इथे कोणी पगाराची पावती मागत नाही. पन्नाशीचा, १२,००० वर राबणारा सफाई कामगार रस्त्यावर मेला तर वरच्या सूत्राने साधारण साडेसतरा लाख होतात. गटारात मेला तर ३० लाख. तिथे जीव मोजला, इथे पगार. अर्थात ३० लाख देऊन गटारात माणूस उतरवण्याचा परवाना कोणाला मिळत नाही. तो गुन्हाच आहे. आणि ही ठरलेली रक्कम घेतली म्हणून जास्त नुकसानीसाठी दिवाणी दाव्याचा हक्क संपत नाही, हेही लक्षात ठेवा.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. प्रत्येक मृत्यूसाठी उत्पन्नाशी संबंध नसलेली, महागाईबरोबर वाढणारी सन्मानजनक किमान रक्कम हवी. सिद्ध होणारे जास्तीचे नुकसान त्यावर. मुलांच्या बाबतीत आईबापाचा धंदा बघू नये. आणि कायम स्वरूपाचे काम करणाऱ्या ठेका कामगाराला कायम कामगाराइतकीच भविष्यवाढ धरावी.

तोवर आपण काय करायचे?

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. दावे आज चालू आहेत. वस्तीत काम करणाऱ्या प्रत्येक तरुणाला एवढे तरी माहीत असावे :

१. रस्ते अपघाताच्या दाव्याला कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातली आहे. कुटुंब जिथे राहते तिथल्या न्यायाधिकरणातही दावा करता येतो.

२. कोणत्याही एका कागदावर अडून बसू नका. बँक पासबुक, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, ई-श्रम कार्ड, हजेरीचा मोबाइलमधला फोटो, सहकाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे, किमान वेतनाची अधिसूचना हे सगळे जोडा.

३. अपघाताच्या दाव्यात मागितल्यापेक्षा जास्त रक्कमही न्यायाधिकरण देऊ शकते (नागप्पा प्रकरण). साध्या दिवाणी दाव्यात मात्र मागितलेल्या रकमेवर कोर्ट फी लागते, आणि त्या भीतीने आपली माणसे आधीच कमी मागतात.

४. ही भीती सोडा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. बौद्धांना १९९० पासून केंद्राकडून अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला आहे. जातीचा दाखला तयार ठेवा.

त्या म्हाताऱ्या आईला आम्ही एवढेच सांगितले : आई, हे लोणी नाही. तुझ्या लेकाच्या आठ वर्षांच्या पहाटा आहेत, ज्यांचे पूर्ण पैसे त्याला कधी मिळाले नाहीत. ती बराच वेळ गप्प बसली. मग पत्र्याच्या पेटीतून तिने त्याची जुनी डायरी काढून दिली. कोणत्या दिवशी कोणत्या वॉर्डात काम केले, ठेकेदाराने किती दिले आणि किती बाकी ठेवले, सगळे तारखेसह त्याच्या हाताने लिहिलेले. आज तीच डायरी दाव्यातला आमचा सगळ्यात मोठा पुरावा आहे.

यापुढे कुणाच्या पुण्यानुमोदनाला जाल तेव्हा भाषण जरूर करा. पण निघण्याआधी घरच्यांना विचारा, कागद कुठे आहेत?

जय भीम.