विश्लेषण : केशवराव भोसले नाट्यगृह ‘होते तसेच’ उभारायचे म्हणजे नेमके काय?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरच्या संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. रंगमंच, खुर्च्या, छत जळाले. दगडी भिंती उरल्या. राज्य सरकारने निधी जाहीर केला, महापालिकेने पुनर्बांधणी हाती घेतली. कलावंतांची मागणी एकच : नाट्यगृह होते तसेच हवे.

या वास्तूचे महत्त्व काय?

राजर्षी शाहू महाराजांनी परदेशात नाट्यगृहे पाहिली होती. त्या धर्तीवर त्यांनी १९१५ मध्ये हे ‘पॅलेस थिएटर’ उभे केले. शेजारीच खासबागचे कुस्ती मैदान. कुस्ती आणि नाटक या दोन्ही कलांना राजाश्रय मिळाला, तो असा भिंतीला भिंत लावून.

केशवराव भोसले कोण होते?

१८९० मध्ये कोल्हापुरात जन्मलेले गायक-नट आणि ‘ललितकलादर्श’ मंडळीचे संस्थापक. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या ‘संयुक्त मानापमान’ प्रयोगात ते धैर्यधर होते, बालगंधर्व भामिनी. त्याच वर्षी, अवघ्या ३१ व्या वर्षी केशवराव गेले. पुढे नाट्यगृहाला त्यांचे नाव मिळाले.

जळालेले नाट्यगृह पुन्हा तसेच उभारता येते का?

येते. इटलीतील व्हेनिसचे ‘ला फेनिचे’ हे ऑपेरागृह १९९६ मध्ये जळाले आणि २००३ मध्ये पुन्हा उघडले. ‘जसे होते, जिथे होते’ हेच तिथले सूत्र होते. जुनी छायाचित्रे आणि तिथे चित्रित झालेला एक चित्रपटही कारागिरांच्या कामी आला. म्हणजे हुबेहूब उभारणीसाठी आधी नोंदी लागतात. राज्यातील इतर जुन्या नाट्यगृहांची मोजमापे, नकाशे, छायाचित्रे आजच करून ठेवायला हवीत. आगीनंतर ते जमत नाही.

मग सगळे जुनेच ठेवायचे?

नाही. दर्शनी भाग, प्रेक्षागृहाचा आकार आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा आवाज जुना हवा. प्रेक्षकांना न दिसणारे मात्र सगळे नवे हवे : वीजवाहिन्या, आगरोधक पडदे, पाण्याचे फवारे, मोकळे राहणारे आपत्कालीन दरवाजे. लाकूड, कापड आणि प्रखर दिवे एकत्र असलेल्या जागी ही चैन नव्हे. यंत्रणा बसवून भागत नाही. तिची दरवर्षी चाचणी हवी आणि अहवाल लोकांना पाहता यावा.

खरी कसोटी कोणती?

उद्घाटनाच्या दिवशी नाट्यगृह झगमगेलच. पण खर्च वाढला म्हणून भाडे वाढले आणि स्थानिक हौशी संस्थांना तारखा परवडेनाशा झाल्या, तर ती फक्त देखणी इमारत उरेल. भाड्यात सवलत आणि हौशी प्रयोगांसाठी राखीव तारखा हे निर्णय पहिली घंटा होण्याआधीच व्हायला हवेत. शाहू महाराजांनी नुसती वास्तू बांधली नव्हती; कलावंताला हक्काची जागा दिली होती. पुन्हा उभारायची आहे ती तीच.