म्हणे लाईटचा दोष!

लोणंदसारख्या गावात लाईट जाते, येते, पुन्हा क्षणभर मिचकते आणि विहिरीवरचा ऑटो स्टार्टर गोठून बसतो. मेकॅनिक म्हणतो, "लाईटचा दोष!" दरवेळी तेच. मला हे साफ अमान्य आहे.

८०५१ चा रीसेट म्हणजे १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ८.२ किलो-ओहमचा रेझिस्टर, हे आपण सगळ्यांनी घोकलंय. पण इंटेलने त्याला घातलेली अट किती जणांनी वाचली? व्होल्टेज १ मिलिसेकंदात चढलं पाहिजे आणि ऑसिलेटर १० मिलिसेकंदांत सुरू झाला पाहिजे. सप्लाय रमतगमत चढला तर रीसेट आधीच ओसरतो. लाईट नुसती मिचकली तर कपॅसिटर रिकामाच होत नाही, मग नवा रीसेट मिळणार कुठून? चिप अर्धवट शुद्धीत बरळत बसते.

मॅक्स ८१० ही तीन पायांची चिप व्होल्टेज ठरल्या पातळीवर आल्यानंतरही किमान १४० मिलिसेकंद रीसेट धरून ठेवते. व्होल्टेज घसरलं की पुन्हा देते. तेवढी चिप वाचवायची आणि रात्रीच्या लाईटीला शेतकऱ्याने अंधारात जाऊन डबा बंद-चालू करायचा!

लाईट जाणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. डिझायनरलाच कसं नाही?