पाहुणा येऊ द्या, सातबारा गावात राहू द्या

भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली रो-रो बोट तासाभरात मांडव्याला लागते. मार्च 2020 मध्ये ही सेवा सुरू झाली आणि मुंबईकराची गाडी बोटीतून थेट अलिबाग तालुक्यात उतरू लागली. पूर्वी पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद झाल्या की पेण-वडखळचा लांबचा रस्ता धरावा लागे. ती अडचण संपली. पाठोपाठ करोना आला, घरून काम करायची सोय झाली, आणि जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू खुला झाला. शनिवार-रविवारपुरतं अलिबागला येणाऱ्यांपैकी अनेकांना आता इथे स्वतःचं घर हवं आहे. मांडवा, सासवणे, आवास, किहीम, थळ या पट्ट्यात जमिनीचं बोलणं एकरावरून गुंठ्यावर आलं. त्या भावापुढे भातशेती टिकणार कशी?

पर्यटन अलिबागला हवंच आहे आणि राहायला येणाऱ्यांशीही कुणाचं वैर नाही. पण जमीन विकून होणारं पर्यटन आणि जमीन राखून होणारं पर्यटन यांत फार मोठा फरक आहे. सरकारी योजनांत, पंचायतीच्या ठरावांत आणि आपल्या बोलण्यातही हा फरक पुसला गेला आहे. त्याची किंमत गाव मोजतं आहे.

ही जमीन गावाला फुकट मिळालेली नाही. याच तालुक्यातल्या चरी गावी 27 ऑक्टोबर 1933 ला नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी संप पुकारला. खोताची, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराची, जमीन कसायची नाही, असा निर्धार करून आसपासच्या गावांतली कुळं जवळजवळ सहा वर्षं अडून बसली. जंगलातली लाकडं विकून, मिळेल ती मजुरी करून त्यांनी दिवस काढले. 1937 मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. 1939 ला कूळ कायदा आला, 1948 ला तो अधिक भक्कम झाला, आणि 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनाने कसणाऱ्याला मालक केलं. पणजोबांनी उपाशी राहून मिळवलेली जमीन पणतू का विकतो, असं विचारणं सोपं आहे. पण भाताने घर चालत नाही, मजूर मिळत नाही आणि मुलाच्या शिक्षणाला रोख रक्कम लागते. विकणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्यापुढे विक्रीखेरीज दुसरा मार्ग आपण ठेवला का, हा प्रश्न आहे.

विक्री होते कशी, तेही पाहण्यासारखं आहे. सातबाऱ्यावर आजोबांच्या वारसांची वीस-पंचवीस नावं असतात. कोणी डोंबिवलीला, कोणी पनवेलला. आत्या आणि बहिणी आपापल्या सासरी. एजंट आधी गाठतो तो गावात न राहणाऱ्या वारसाला. त्याला जमिनीचं उत्पन्न कधी मिळालेलं नसतं, त्यामुळे हाती येणारी रक्कम निव्वळ लाभ वाटते. एकाची सही झाली की दुसऱ्यावर दबाव येतो, आणि शेवटी जो प्रत्यक्ष कसत होता तोच एकटा पडतो. कुळाच्या जमिनीच्या विक्रीला पूर्वी आगाऊ परवानगी लागे. 2014 च्या दुरुस्तीने, मालकी मिळून 10 वर्षं झाली असतील तर शेतसाऱ्याच्या 40 पट नजराणा भरून ती विकायची मुभा मिळाली. शेतसारा रुपयांत आणि जमिनीचा भाव लाखांत, तेव्हा या 40 पटीचा अडसर कुणाला वाटणार? सरकारी कचेरीतले हेलपाटे वाचले हे चांगलंच झालं, पण संरक्षणही त्याबरोबर गेलं.

त्यानंतरचे बदल गावात फिरल्याशिवाय दिसत नाहीत. खाडीलगतच्या खारजमिनीत एकाने पाच-सहा फूट भराव टाकला की पावसाचं पाणी शेजारच्या खाचरात साचतं. खारे बांध पूर्वी सगळे मिळून राखायचे. निम्मी शेतं पडीक झाल्यावर उरलेल्या चार शेतकऱ्यांना तो खर्च कसा पेलणार? बांध फुटला की खारं पाणी आत येतं, आणि ती जमीन पुढे काही वर्षं पिकत नाही. मग तीही विकली जाते. किनाऱ्यालगत खोल बोअर मारून पोहण्याचे तलाव भरले जातात आणि जवळच्या विहिरी मचूळ होतात. उमटे धरणावर अवलंबून असलेल्या गावांतल्या बायका उन्हाळ्यात हंडे घेऊन थांबतात, तेव्हा कुंपणापलीकडच्या हिरवळीवर फवारे चालू असतात. कार्ले, खंडाळे, नेहुलीकडे भात निघाल्यावर त्याच शेतात पांढरा कांदा लावतात. घरचंच बियाणं, काढणीनंतर पात विणून बायकांनी केलेल्या माळा. या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण खाचरच उरलं नाही तर मानांकनाचा कागद काय कामाचा?

बंगल्यांमुळे रोजगार येतो, हे खरं आहे. गवंडी, माळी, राखणदार, ड्रायव्हर यांना काम मिळतं. पण जमिनीच्या मालकाचा मुलगा त्याच जमिनीवर राखणदार होतो, तेव्हा त्याला प्रगती म्हणायला माझं मन तयार होत नाही.

दुसरी वाट याच तालुक्यात आहे. नागावला नारळ-पोफळीच्या वाड्यांत घरच्यांनीच चार खोल्या काढल्या, न्याहारीला घावन आणि जेवणाला ताजी मासळी देऊन पाहुणे सांभाळले. वाडी त्यांची, विहीर त्यांची, पैसाही त्यांचा. गर्दी, कचरा आणि गोंगाटाचे प्रश्न तिथेही आहेत. पण घरमालक जागेवर असतो, त्याला शेजाऱ्याशी उद्याही बोलायचं असतं, म्हणून ते सोडवता तरी येतात.

सुट्टीपुरत्या दुसऱ्या घरांच्या प्रश्नाला बाहेरच्या देशांनी हात घातला आहे. स्वित्झर्लंडच्या मतदारांनी मार्च 2012 च्या सार्वमतात ठरवलं की कोणत्याही गावात दुसऱ्या घरांचं प्रमाण 20 टक्क्यांपुढे जाऊ द्यायचं नाही. वेल्समध्ये एप्रिल 2023 पासून स्थानिक परिषदा अशा घरांवर नेहमीच्या कराच्या वर 300 टक्क्यांपर्यंत जादा कर लावू शकतात. तिथेही तक्रार हीच होती: वर्षातले बहुतेक दिवस बंद असणारी घरं वाढली आणि गावातल्या तरुण जोडप्याला घर परवडेना.

आपल्याला करता येण्याजोग्या चार गोष्टी आहेत. वर्षातला बराच काळ बंद राहणाऱ्या आणि दिवसाच्या भाड्याने दिल्या जाणाऱ्या बंगल्यांवर वेगळी, चढी घरपट्टी लावण्याचा अधिकार शासनाने ग्रामपंचायतींना द्यावा आणि तो पैसा पाण्यावर आणि खारे बांध दुरुस्त करण्यावर खर्च व्हावा. शेतकऱ्याला जमीन न विकता दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देता येईल असा सोपा, सुरक्षित करार उपलब्ध व्हावा आणि घरगुती पर्यटनाला बँकेचं कर्ज मिळावं. शेतजमिनीवर बांधकामाची परवानगी देताना पाण्याचा निचरा आणि विहिरींची स्थिती यांची तपासणी बंधनकारक असावी. आणि वहिवाटीची वाट किंवा पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कुणी अडवला, तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे सहा महिन्यांच्या आत दावा करता येतो, हे प्रत्येक गावात माहीत असावं. वाट बंद झाल्यावर अनेक जण वर्षभर नुसते चडफडत राहतात आणि मुदत निघून जाते.

तीन गोष्टींसाठी मंत्रालयाकडे पाहावं लागेल, चौथीसाठी नाही. येत्या 26 जानेवारीच्या ग्रामसभेत खाडीकडे, स्मशानाकडे आणि समुद्राकडे जाणाऱ्या वाटांची यादी करा, सार्वजनिक विहिरींची नोंद घ्या, ठराव लिहा आणि त्याची प्रत तहसीलदारांना द्या. सहा वर्षं खोतापुढे न झुकलेल्या तालुक्याला एक ग्रामसभा भरवणं अवघड नाही.