हरण्याचं पुण्य

२०२५ च्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत मसालेभातापेक्षा डेट्रॉइट पिस्टन्सची चर्चा जास्त होती. दोन वर्षांपूर्वी याच शाळेच्या याच कॅफेटेरियात त्या संघाचं नाव काढलं की लोक घाईघाईनं लायन्सवर घसरायचे. आता ज्याला त्याला केड कनिंगहॅमचे आकडे तोंडपाठ. आनंदच आहे. पण माझ्या पुढच्या काकांनी ताटात कोशिंबीर वाढून घेता घेता एक वाक्य टाकलं आणि ते मला घरी येईपर्यंत टोचत राहिलं. संपादकांनी दिवाळी अंकासाठी लेख मागितला, म्हटलं हेच लिहू. काका म्हणाले, "पाच वर्षं सोसलं आपण. आता फळ मिळणारच."

माझं भांडण त्या शेवटच्या 'च'शी आहे.

काकांच्या बोलण्यामागचा हिशेब आपल्या रक्तातलाच. सोसलं की पुण्य साठतं, साठलं की कधीतरी पदरात पडतं. पिस्टन्सच्या बाबतीत सोसणं कमी नव्हतं, हे खरं. २०२० मध्ये ट्रॉय वीव्हर यांच्या हाती कारभार आला, जुना संघ मोडून नवा बांधायचा असं ठरलं आणि पुढच्या चार मोसमांत विजय मिळाले अनुक्रमे वीस, तेवीस, सतरा आणि चौदा. ३१८ सामन्यांत ७४. एवढा काळ आपल्याला एकच शब्द ऐकवला जात होता, रीबिल्ड. पोरं तयार होतायत, धीर धरा.

जे बास्केटबॉल बघत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एनबीएत खालच्या पायरीवर घसरण्याची भीती नसते, उलट हरणाऱ्याला बक्षीस असतं. प्लेऑफमध्ये न पोचलेल्या चौदा संघांची लॉटरी निघते आणि त्या वर्षीचे सर्वांत चांगले नवे खेळाडू निवडण्याचा मान तिच्यावर ठरतो. जो जास्त हरला, त्याला संधी जास्त. म्हणून काही संघ ठरवून कच्चा संघ उतरवतात. नव्या पोराचा पगार पहिली चार वर्षं ठरीव आणि बेताचा असतो, त्यामुळे मालकालाही हा उद्योग जड जात नाही.

हे माझ्या सासऱ्यांना, अण्णांना, पहिल्यांदा कळलं तो प्रसंग सांगते. २६ डिसेंबर २०२३ ची रात्र. अण्णा कोल्हापूरहून थंडीतच आले होते, पोरांना सुट्टी होती, आणि पिस्टन्स इतके हरत होते की लिटल सीझर्स अरेनात खालच्या मजल्यावरची तिकिटं आम्हाला चक्क परवडली. आधीचे सलग सव्वीस सामने गेलेले. त्या रात्री ब्रुकलिनकडून हरले असते, तर एका मोसमात सलग सर्वाधिक पराभवांचा विक्रम आपल्या नावावर लागणार होता. अण्णांनी कानटोपी काढली नाही. कनिंगहॅमनं ४१ गुण केले, एकट्यानं सामना ओढून आणला, आणि तरी ११८-११२ असे हरलोच. शेवटच्या मिनिटांत वरून गर्जना सुरू झाली, "सेल द टीम! सेल द टीम!"

"काय म्हणायलेत?" अण्णांनी विचारलं. धाकट्यानं सांगितलं, मालकाला म्हणतायत, संघ विकून टाक. अण्णांना ते पटलं. मग त्यानं लॉटरीचं प्रकरण काढलं. ते ऐकून अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू नातवाला कुणीतरी चुकीचं शिकवलंय.

"हरल्यावर बक्षीस? मग जिंकायचं कशासाठी?"

अण्णांचा पिंडच वेगळा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीचा फुटबॉल सामना असला की उद्यमनगरातलं वर्कशॉप बंद. तिथं हरलेल्या तालमीला पुढच्या वर्षी कुणी चांगला स्ट्रायकर आणून देत नाही. पेठेत चार दिवस तोंड लपवून हिंडावं लागतं, एवढंच काय ते मिळतं. घरी येताना आय-७५ वर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "रीबिल्ड म्हणतोस नव्हं रे? आमच्याकडं इंजिनाचं काम काढलं तर ब्लॉक टाकून देत नाहीत. बोअर करायचा, लायनर बसवायचा, रिंगा बदलायच्या, क्रँक घासून घ्यायचा. सगळंच नवं बसवायचं तर त्याला काम काढणं म्हणत नाहीत, नवीन इंजिन घेणं म्हणतात."

या संघाचं नाव पिस्टन्स का, हेही त्यांना त्या रात्रीच कळलं. फोर्ट वेनचे फ्रेड झोल्नर इंजिनांचे पिस्टन बनवायचे, संघ त्यांचा होता, आणि १९५७ मध्ये त्यांनी तो डेट्रॉइटला आणला. हे कळल्यावर अण्णांचा अधिकार आणखीच वाढला.

आता पुण्याच्या हिशेबाकडे येते. लॉटरीच्या भांड्यात चौदा चेंडू असतात, त्यांतून चार काढतात. त्याच्या १,००१ जोड्या होतात. एक सोडून देतात आणि उरलेल्या हजार वाटतात. २०१९ पासून तळाच्या तिन्ही संघांना सारख्याच, प्रत्येकी १४० जोड्या. म्हणजे सगळ्यांत जास्त हरून पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता शंभरात चौदा, आणि पाचव्या क्रमांकापर्यंत घसरण्याची जवळजवळ अठ्ठेचाळीस. २०२३ मध्ये आपण तळाला होतो, सगळ्यांना हवा असलेला वेम्बन्यामा सॅन अँटोनियोला गेला आणि आपल्या वाट्याला पाचवा क्रमांक आला. २०२४ मध्ये पुन्हा तळाला, पुन्हा पाचवा. त्या वर्षी पहिला क्रमांक मिळाला अटलांटाला, शंभरात तीन शक्यता असताना. चित्रगुप्ताच्या वहीत सगळं लिहिलं जात असेल, पण या भांड्याजवळ वही नसते.

बरं, निवडीचा मान मिळाला तरी निवडणारे हात आपलेच. २०२० मध्ये सातव्या क्रमांकावर आपण किलियन हेजला घेतलं. २०२४ च्या फेब्रुवारीत त्याला सोडूनही दिलं. २०२० मध्येच बाराव्या क्रमांकावर टायरीस हॅलिबर्टन गेला आणि २०२५ च्या जूनमध्ये त्यानं इंडियानाला अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत नेलं.

इथं कुणीतरी हात वर करणार, आणि कनिंगहॅम? तो हरण्यातूनच आला ना? आला. २०२१ मध्ये ती शंभरातली चौदा आपल्या बाजूनं पडली, आणि तो नसता तर मी हा लेख लिहीत बसले नसते. १९८१ मध्ये आयझेया थॉमसही तसाच आला, दोन भीषण मोसमांनंतर, आणि १९८९, १९९० च्या अजिंक्यपदांचा तोच कणा होता. हे मला नाकारायचं नाही. नशीब लागतं, आणि लागलं की घ्यावं. पण ज्याला लॉटरी लागली त्यानं 'मी तिकिटं नियमित काढायचो' याला गुंतवणूक म्हणू नये.

शिवाय याच शहरात उलटा पुरावा लोंबकळत असताना आपण तो बघत नाही. २००४ चा अजिंक्य संघ आठवा. शकील ओनील आणि कोबी ब्रायंटच्या लेकर्सना ४-१ नं लोळवणारे ते पाच जण. बेन वॉलेसला कुणी ड्राफ्टमध्ये घेतलंच नव्हतं. चॉन्सी बिलप्स चार संघांतून हिंडून इथं आलेला. रिप हॅमिल्टन अदलाबदलीत मिळालेला, रशीद वॉलेस तर मोसम निम्मा संपल्यावर, फेब्रुवारीत. आपण स्वतः निवडलेला एकटा टेशॉन प्रिन्स, तोही तेविसावा. आणि त्या संघाकडे दुसऱ्या क्रमांकाची निवड होती बरं का! तिच्यावर डार्को मिलिचिच आला, कार्मेलो अँथनी आणि ड्वेन वेड दुसरीकडे गेले, आणि डार्को अंतिम फेरीत बाकावर बसून टाळ्या वाजवत होता. भविष्यकाळ बाकावर होता, खेळत होते ते इतरांनी सोडून दिलेले.

आपल्या फुटबॉल संघाचं, लायन्सचंही तेच. २००८ मध्ये सोळापैकी सोळा सामने हरून मॅथ्यू स्टॅफर्ड मिळाला. बारा मोसम तो इथं राहिला, प्लेऑफमधला एकही सामना जिंकला नाही. जिंकले ते जानेवारी २०२४ मध्ये, लॉस एंजेलिसनं देऊन टाकलेल्या जॅरेड गॉफला घेऊन, आणि समोर होता स्टॅफर्ड. २४-२३. कथेत लिहिलं असतं तर संपादकांनी कापलं असतं.

फिलाडेल्फियावाल्यांनी तर या हरण्याला 'प्रोसेस' असं नावच दिलं होतं. २०१३ पासून तीन मोसमांत विजय एकोणीस, अठरा आणि दहा. जोएल एंबीड मिळाला, पुढं लागोपाठ दोनदा पहिला क्रमांक मिळाला, आणि २०२५ पर्यंत दुसऱ्या फेरीच्या पुढं मजल नाही. ओक्लाहोमाचं उदाहरण देणाऱ्यांनाही एक विनंती. २०२५ च्या अजिंक्य संघाचा नायक शे गिल्जस-अलेक्झांडर हरून मिळालेला नाही. २०१९ मध्ये पॉल जॉर्ज देऊन त्याच्या बदल्यात मिळालेला आहे.

मग आपल्याकडे बदललं काय? माझं उत्तर अण्णांचंच आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात वीव्हर यांच्या जागी ट्रेजन लँग्डन आले आणि त्यांनी ब्लॉक ठेवून काम काढलं. प्रशिक्षक मॉन्टी विल्यम्स यांना सहा वर्षांच्या, सुमारे पावणेआठ कोटी डॉलरच्या करारातलं एकच वर्ष झालेलं असताना निरोप दिला. उरलेले पैसे मोजावे लागले तरी. क्लीव्हलंडनं नुकतेच काढून टाकलेले जे. बी. बिकरस्टाफ आले. आणि तीन जाणते खेळाडू आले: टोबायस हॅरिस, टिम हार्डवे ज्युनियर, मलिक बीसली. ही नावं ऐकून कुणी फटाके वाजवले नव्हते. पण बीसलीनं ३१९ थ्री-पॉइंटर टाकले, आणि कनिंगहॅमच्या अंगावर दोघे धावून आले की तिसरीकडे पास द्यायला आता कुणीतरी उभं असायचं. हा बदल डोळ्यांना दिसत होता. आधी चेंडू घेऊन तो भिंतीत शिरायचा, आता त्याच्यासमोर रस्ता असायचा. संरक्षणात पोरं आपापली जागा सोडेनाशी झाली. जानेवारीच्या पहिल्याच दिवशी जेडन आयव्हीचा पाय मोडला, म्हणजे रीबिल्डचा एक खांबच गेला, आणि तरी संघ जिंकत राहिला. चौदावरून चव्वेचाळीस.

पोरं तीच होती, म्हणतील. बरोबर, तीच होती. पण २०२३ मध्येही तीच होती आणि सलग अठ्ठावीस हरत होती. वाढायला वय लागतं तसं शेजारी कुणी मोठं माणूसही लागतं, हे आपल्या घरात आजी-आजोबा सहा महिने राहून गेल्यावर कुणाला कळलेलं नाही? तरी संघाचा विषय निघाला की आपण 'तरुण, तरुण' करत बसतो.

या सगळ्यात माझी तक्रार काकांवर नाहीच. आशा ठेवणाऱ्यावर कोण रागावेल? तीस डिसेंबर २०२३ ला टोरांटोला १२९-१२७ हरवून ती अठ्ठावीस पराभवांची माळ तुटली, तेव्हा मीही स्वयंपाकघरात ओरडले होते. त्याच दिवशी टोरांटोनं तीन खेळाडू न्यूयॉर्कला दिले होते आणि बदली माणसं पोचायची होती, हे माहीत असूनही. माझी तक्रार आशेच्या भाषेची आहे. 'सोसलं म्हणून मिळणार' असं म्हणणारा चाहता मालकाला कोरा चेक देतो. किती वर्षं हरलो याची तो फुशारकी मारतो, कुणी हरवलं हे विचारत नाही. तिकिटाचे, पार्किंगचे, आठ डॉलरच्या नाचोंचे पैसे मात्र हरण्याच्या वर्षांतही रोकडे घेतले जातात. आमच्या कंपनीत एखादा पुरवठादार चार वर्षं खराब माल पाठवून 'आम्ही शिकतोय' म्हणाला असता, तर मी तपासणी खात्यात बसून त्याच्या धीराचं कौतुक केलं नसतं.

मला पुढच्या मोसमाबद्दल आशा आहे, भरपूर आहे, पण ती बघितलेल्या गोष्टींवर आहे. २१ एप्रिल २०२५ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये १००-९४ असं न्यूयॉर्कला हरवलं आणि प्लेऑफमधली सलग पंधरा पराभवांची साडेसाती संपली, २००८ पासूनची. तिथंच पाचवा सामनाही काढला. कनिंगहॅम सरासरी २६ गुण आणि नऊ असिस्ट करून ऑल-एनबीए संघात गेला. जेलन ड्युरेन तेव्हा बावीसचाही नव्हता. ऑसार थॉम्प्सन समोरच्या उत्तमातल्या उत्तम खेळाडूचा श्वास कोंडू शकतो. हे हातात आहे.

आणि जे हातात नाही, तेही लिहून ठेवते. घरच्या मैदानावर प्लेऑफमधला एक विजय हवा आहे, तोही २००८ नंतर २०२५ पर्यंत झालेला नाही. न्यूयॉर्कविरुद्ध घरचे तिन्ही सामने गेले. चौथा एका गुणानं गेला. शेवटच्या क्षणी हार्डवेला धक्का लागला आणि शिट्टी वाजली नाही. सहावा गेला जेलन ब्रन्सनच्या तीन गुणांनी, चार सेकंद उरलेली असताना. २०२५ च्या उन्हाळ्यात बीसली, हार्डवे गेले, त्यांच्या जागी डंकन रॉबिन्सन आणि कॅरिस लेव्हर्ट आले. ते चेंडू जाळीत टाकतात की नाही, हे खेळातूनच कळेल. नाही टाकले, तर 'पोरं अजून लहान आहेत' असं कुणी म्हणू नये एवढंच. ते वय सरलं.

अण्णांना परवा व्हिडिओ कॉलवर सांगितलं, यंदाची तिकिटं काढलीत. त्यांनी विचारलं, मागच्यासारखी पुढची का? म्हटलं, नाही अण्णा, अगदी वरची, छताजवळची. खालची आता परवडत नाहीत.

"मग बरोबर चाललंय की," अण्णा म्हणाले.