एक्स्पॅट म्हणजे काय रे भाऊ?

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत एरवी दोनच विषय असतात : पाणी आणि पार्किंग. यंदा तिसरा आला. ‘बाहेरच्या लोकांना फ्लॅट भाड्याने देऊ नये’ असा ठराव सेक्रेटरींनी मांडला. चाकणच्या कारखान्यांत काम करणारी मुले एकेका फ्लॅटमध्ये आठ-आठ राहतात, जिन्यात चपलांचा ढीग पडतो, वगैरे वगैरे. ठराव एकमताने मंजूर झाला. त्या एकमतात माझेही मत होते, कारण सभेनंतर बटाटेवडे होते आणि ते निवत चालले होते.

लगेच पुढचा विषय निघाला. बी विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहायला आलेल्या अमेरिकन इंजिनियरचे शाल-श्रीफळ देऊन स्वागत! मी भीत भीत म्हटले, “अहो, पण आत्ताच आपण बाहेरच्यांना...”

सेक्रेटरींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू मी कुणाच्या पासबुकात एक शून्य जास्त लिहिले होते. म्हणाले, “ते बाहेरचे नाहीत हो. परदेशी आहेत!”

परदेशातून नोकरीसाठी आलेल्या अशा माणसाला इंग्रजीत एक्स्पॅट म्हणतात. मी साधा बी.कॉम. माणूस. लॅटिनशी माझा संबंध ‘पर सेंट’ आणि ‘पर अ‍ॅनम’ यापलीकडे गेलेला नाही. तरी डिक्शनरी उघडली. ‘एक्स’ म्हणजे बाहेर आणि ‘पात्रिया’ म्हणजे मायभूमी. मायभूमी सोडून राहतो तो एक्स्पॅट. त्यात गोऱ्या रंगाची अट नाही, डॉलरची नाही, विमानाच्या तिकिटाचीही नाही. मग दरभंग्याहून आलेला हेल्पर एक्स्पॅट का नाही? तुम्ही म्हणाल, दरभंगा आपल्याच देशात आहे. अहो, मग तर तो आणखीच आतला झाला की!

अमेरिकनाबद्दल माझी काडीची तक्रार नाही. माणूस भला आहे. इथे येण्यापूर्वी तो चार वर्षे इंग्लंडात होता. रविवारी आमच्याकडे चहाला येतो आणि तिकडच्या गमती सांगतो. भाषा एकच म्हणून तो निर्धास्त गेला आणि पहिल्याच आठवड्यात ऑफिसात ‘माझी पँट भिजली’ असे बोलून बसला. इंग्लंडात पँट म्हणजे आतली चड्डी. अमेरिकेत तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात, त्यामुळे तिकडे तो महिनाभर चुकीच्या दारावरची घंटा वाजवत होता. शेजारी चार वर्षे त्याच्याशी हवेबद्दल बोलला. एकदाही आपले नाव त्याने सांगितले नाही. इथे आमच्या आईने चौथ्या दिवशी त्याला पगार, भावंडे आणि ‘अजून लग्न का नाही केलंत?’ हे सगळे विचारून घेतले. दुभाषाचे काम माझ्याकडे होते. लाज मलाच वाटली, तो खूश होता. म्हणाला, “तिकडे मला कुणी बाहेर काढलं नाही, पण कुणी आतही घेतलं नाही.”

अमेरिकनाने इंग्लंडात जाऊन राहण्याची परंपरा तशी जुनी आहे. कवी टी. एस. एलियट अमेरिकनच. १९१७ ते १९२५ अशी आठ वर्षे तो लंडनच्या लॉइड्स बँकेत नोकरीला होता. १९२७ साली तो ब्रिटिश नागरिक झाला आणि १९४८ साली त्याला नोबेल मिळाले. म्हणजे पाहा, बाहेरचा माणूस बँकेच्या काउंटरच्या आत बसला होता! हे वाचल्यापासून मी खुर्चीत ताठ बसतो. आमच्या मॅनेजरना ही हकिकत सांगितली, तर ते म्हणाले, “त्यांची कॅश रोज जुळत होती का?”

आता आमच्या काउंटरबद्दल. आमची ब्रँच चाकणच्या बाजूला आहे. नाव सांगत नाही, मला पेन्शनपर्यंत पोचायचे आहे. अमेरिकन साहेब खाते उघडायला आले तेव्हा ते थेट केबिनमध्ये गेले. बशीसकट कपातून चहा आला. फॉर्म आम्ही भरला, त्यांनी फक्त सह्या केल्या.

त्याच आठवड्यात दरभंग्याचा तो हेल्पर माझ्या काउंटरला आला. वय असेल बावीस. हातात आधार कार्ड, त्यावर गावचा पत्ता. मी म्हटले, “इथल्या पत्त्याचा पुरावा आण.” खोलीमालक भाडेकरार करून देईना. ठेकेदार चिठ्ठी देईना. पोरगा चार वेळा आला आणि चारही वेळा त्याची अर्ध्या दिवसाची हजेरी बुडाली. खाते नसल्यामुळे त्याचा पगार मुकादमाच्या खात्यात जात होता आणि मुकादम दर हजारामागे पन्नास रुपये ‘खर्चाचे’ म्हणून कापून घेत होता. चाकणचा भुईकोट फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० साली शाहिस्तेखानाच्या प्रचंड फौजेविरुद्ध जेमतेम दोन महिने लढवला. मी एका हेल्परला अडीच महिने रोखून धरले!

आणि नियम काय सांगतो? रिझर्व्ह बँकेचा नियम असा, की खाते आधारवर उघडत असेल आणि सध्याचा पत्ता आधारवरच्या पत्त्याहून वेगळा असेल, तर ग्राहकाने स्वतः लिहून दिले तरी चालते. स्वतःचे घोषणापत्र, एक सही, संपला विषय. कागदपत्रे अपुरी असतील त्यांच्यासाठी मर्यादित व्यवहारांचे ‘छोटे खाते’ असते, ते वेगळेच. हा नियम मला ठाऊक नव्हता असे म्हणायचीही सोय नाही. परिपत्रक टेबलावरून फिरले, तेव्हा ‘वाचले’ म्हणून त्यावर माझीच आद्याक्षरे पडली होती.

तुम्ही म्हणाल, कारकुनाला एवढा उमाळा का? तर ऐका. आमचे वडील १९७२च्या दुष्काळानंतर, १९७३ साली, माण तालुक्यातून पिंपरीला आले. एका खोलीत नऊजण, तीन पाळ्या आणि तीन खाटा. एक कामावरून आला की दुसरा उठायचा, त्यामुळे अंथरूण कधी गार पडत नसे. त्यांचा पत्ता कित्येक वर्षे ‘मार्फत किराणा दुकान, पिंपरी’ असा होता. बँकेत खाते उघडायला तेव्हा जुन्या खातेदाराची ओळख लागायची. ती सही त्या किराणावाल्याने केली. तो सिंधी, फाळणीनंतर सगळे सोडून पिंपरीच्या कॅम्पात आलेला. म्हणजे एका बाहेरच्याने दुसऱ्या बाहेरच्याची ‘मी यांना ओळखतो’ म्हणून हमी घेतली आणि त्या हमीवर आमचे घर उभे राहिले. त्याच घराच्या पोराने काउंटरच्या आत बसून पुरावा मागावा, याला काय म्हणावे?

पिंपरी-चिंचवडात मूळचा कोण, हे शोधायला गेलात तर मोरया गोसावींच्या समाधीपाशी आणि चार गावठाणांत शोध संपेल. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, मग कारखान्यामागून कारखाना आला आणि प्रत्येक भोंग्याबरोबर एकेक तालुका इथे उतरला. १९८२ साली महानगरपालिका झाली ती या सगळ्या बाहेरच्यांची मोजदाद करूनच. आता आम्ही मागचे दार लावून घेतो आणि म्हणतो, बाहेर कोण आहे रे?

इथल्या पोरांना नोकऱ्या मिळाल्या पाहिजेत, शंभर टक्के मान्य. माझा पुतण्या आयटीआय करून घरी बसला आहे. पण त्याची कायम नोकरी दरभंग्याच्या पोराने खाल्ली नाही, ठेकेदारीने खाल्ली. तो पोरगाही त्याच ठेकेदारीचे उष्टे खातो आहे. ‘पण त्यांना मराठी येत नाही!’ हेही ऐकले. अमेरिकनाला ‘नमस्कार’ आणि ‘बास’ हे दोन शब्द येतात, तेवढ्यावर सोसायटीच्या गणपतीत त्याला आरतीचा मान मिळाला. हेल्पर माझ्याशी ‘काय राव, परत उद्या का?’ असे स्वच्छ मराठीत भांडला, त्याचे कुणी कौतुक केले नाही. मीही नाही. आणि मे २०२० मध्ये श्रमिक गाड्या भरभरून गेल्या, तेव्हा हेच कारखाने ‘माणसं परत आणा हो’ म्हणून टाहो फोडत होते, हे आपण इतक्यात विसरलो?

माझे म्हणणे एवढेच आहे : शाल द्यायची तर दोघांना द्या, पुरावा मागायचा तर दोघांना मागा. शब्द तरी एक ठेवा. दोघे एक्स्पॅट किंवा दोघे बाहेरचे.

हेल्परला मी फोन करून बोलावले. घोषणापत्र स्वतः भरायला घेतले. सध्याचा पत्ता विचारला, तर तो गडबडला. खोलीला नंबर नव्हता, गल्लीला नाव नव्हते.

“खाली दुकान कसलं आहे?”

“किराणा, साहेब. राजस्थानवाल्याचं.”

मी लिहिले, ‘मार्फत किराणा दुकान’. हात जरा थांबला. मग पुढचे लिहून काढले आणि शिक्का मारला.

सोसायटीचा तो ठराव रद्द करावा, असा अर्ज मी परवाच दिला. सेक्रेटरींनी चष्मा वर करून विचारले, “अनुमोदन कोण देणार?”

“बी विंगचे अमेरिकन साहेब.”

“छे, छे! ते भाडेकरू. त्यांना मताचा अधिकार नाही. ते बाहेरचे!”

मी म्हटले, “आता कसं बोललात!”